जिनिंगमधलं विमान

युद्धात झिजलेलं यंत्र हे राष्ट्राच्या पराक्रमाचं मूक स्मारक असतं. हे वाक्य पुलगावजवळच्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये, तीन फूट रुंद लाकडी फलकावर, निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं. लिहिलं मीच. फलकाची जागा भरायची होती आणि त्या विमानाबद्दल खात्रीने सांगण्यासारखं दुसरं काही माझ्या हाताशी नव्हतं.

मी तेव्हा वर्ध्याच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवत असे आणि बोरगावला दोन खोल्यांत राहत असे. वर्धा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता. अक्षर बरं आणि नकार देण्याची सवय नाही, या दोन गुणांवर मानपत्रं, फलक आणि स्वागतगीतं माझ्याकडे येत. देश नवा होता, दर पंधरवड्याला कशाचं तरी उद्घाटन व्हायचं. एका विहिरीच्या फलकावर मी तिला गंगा म्हटलं, एका वाचनालयाला ज्ञानगंगा म्हटलं. तिसरं उद्घाटन सार्वजनिक मुतारीचं होतं, तिथे गंगेचा उल्लेख टाळला.

जिनिंगच्या मालकांना सगळे शेठजी म्हणत. त्यांनी नागपूरला युद्धातल्या उरलेल्या सामानाच्या लिलावात ताडपत्र्या, दोरखंड आणि रिकामी पिंपं घेतली होती. त्याच ढिगात एक विमान होतं आणि ढीग सगळा उचलावा लागतो, असा तिथला नियम. विमान तुकड्या-तुकड्यांत मालगाडीने पुलगावला आलं आणि स्टेशनातून सहा बैलगाड्यांवर जिनिंगमध्ये गेलं. त्याच्या आयुष्यातला तो बहुधा सर्वांत सुरक्षित प्रवास असावा.

ते जोडून उभं केल्यावर आसपासच्या खेड्यांतून माणसं बघायला यायला लागली. शेठजी आधी वैतागले, आवारात चिखल होतो म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं की माणसं येतातच आहेत, तर त्याला संग्रहालय म्हणावं. होळीला कपाशीचा हंगाम संपला की गाठींचं गोदाम दसऱ्यापर्यंत मोकळंच पडायचं. विमान तिथे नेलं. अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरला आणि नागपूरच्या एका निवृत्त मेजरसाहेबांना उद्घाटनाचं आमंत्रण गेलं. मला फलक सांगितला. उन्हाळ्याची सुट्टी होती, मी रविवारी पॅसेंजरने पुलगावला जायला लागलो.

पहिल्यांदा विमान पाहिलं तेव्हा मला ते फार बारीक वाटलं. वर दोन पंख, खाली दोन पंख, मधे काठ्या आणि तारा, आणि अंगात एकामागे एक अशा दोन बैठका. शेठजींनी सगळ्याला रुपेरी रंग मारून घेतला होता, त्यामुळे ते पोलादाचं वाटे. इंजिन नव्हतं. त्या जागी उंदीर होते.

तिथेच मला फिटर भेटला. तो केळझरकडचा, पस्तिशीचा, हडकुळा माणूस. युद्धात हवाई दलात विमानं दुरुस्त करायच्या कामावर होता. परत आल्यावर दुरुस्त करायला विमानं नव्हती, म्हणून जिनिंगमध्ये रेच्यांना, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांना, तेल घालत असे. हंगाम संपला की काम संपे आणि जिनिंगच्या चाळीतली खोलीही सोडावी लागे. मग बायको, आई आणि दोन मुली घेऊन तो केळझरला भावाच्या घरी जाई, जिथे आधीच सात माणसं होती. थोरली मुलगी पुलगावच्या शाळेत दुसरीत होती. तिची दुसरी याच कारणाने दोनदा अर्धवट राहिली होती.

यंदा शेठजींनी विमानासाठी त्याला उद्घाटनापर्यंत ठेवून घेतलं होतं आणि सांगितलं होतं की संग्रहालयाला एक रक्षक लागेल. बाराही महिने काम, खोली कायमची. अट एकच होती. उद्घाटनाच्या दिवशी मेजरसाहेबांनी विचारलं, तर हे विमान ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलं होतं आणि त्याने शत्रूची तीन विमानं पाडली, असं खणखणीत सांगायचं. सांगितलं तर नोकरी पक्की. अडखळला तर त्याच्या जागी मुकादमाचा भाचा तयार होता.

मी फलकाच्या लाकडावर खडूने रेघा आखत होतो तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला.

"मास्तर, का लिहून राह्यले जी?"

"शेठजींनी सांगितलं ते. ब्रह्मदेशात गेलं, तीन विमानं पाडली."

"कायनं पाडली?"

"म्हणजे?"

"याले बंदूक नाई जी. कधी नव्हतीच. हे शिकाऊ विमान होय. पुढं शिकोणारा बसे, मागं शिकणारा. खाली उतरले का दोघंबी उलट्या करत."

"हे शेठजींना सांगितलंत?"

"सांगतलं. ते म्हणे, बंदूक काढून घेतली असन."

मी खडू खाली ठेवला. तो विमानाच्या चाकाशी उकिडवा बसला आणि तळव्यावर तंबाखू मळायला लागला.

"खोटं बोलाले माही ना नाई, मास्तर. जिनिंगात रोज बोलतो. कपाशीत ओल नाई म्हणतो, सरकीत माती नाई म्हणतो. पण हे साहेब लष्करातले. याच्याकडं पाह्यलं का त्याईले समजनच. मंग शेठजी म्हणन, हे फिटरनं सांगतलं. गेली खोली."

"आणि खरं सांगितलं तर?"

"तं तवाच गेली."

खोटं न लिहिता मोठं काहीतरी लिहिणं ही कला मला अवगत होती. पेपर तपासताना ती मुलांकडूनच शिकलो होतो. पानिपतची लढाई कधी झाली हे माहीत नसलं की मुलगा लिहितो, ही लढाई अत्यंत महत्त्वाची होती. मी त्या चालीवर लिहिलं, 'हे विमान युद्धकाळात सेवेत होते. अनेक वैमानिकांच्या जडणघडणीत त्याचा वाटा आहे.' त्याच्या वर ते मूक स्मारकाचं वाक्य.

शेठजींनी फलक वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"बहुत सुंदर, मास्तरजी. पण ते तीन कुठे गेले?"

"शेठजी, आकडा लिहिला की लोक पुरावा मागतात. ते तोंडी सांगितलेलं बरं दिसेल."

"हां, ये ठीक है. तोंडी फिटर सांगेल."

शेठजींना ते पटलं याचा मला आनंद झाला. परतीच्या गाडीत कवठ्याच्या आसपास माझ्या लक्षात आलं की मी फक्त माझा फलक वाचवला होता आणि ती तीन विमानं फिटरच्या गळ्यात बांधून आलो होतो.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा गोदाम झाडायला आलेल्या बायका विमानाभोवती जमल्या होत्या. आमच्या भागात माणूस कापड डोळ्यांनी बघत नाही, चिमटीत धरतो. एका म्हातारीने पंखाच्या कडेला तसंच केलं असावं.

"अवो बाई, हे तं कापड होय."

"काई बी. विमान कुठी कापडाचं असते?"

"हात लाव नं तू. आमच्या बुढ्याचं धोतर याच्यापरीस घट्ट हाय."

"तं उडव नं मंग बुढ्याले."

"तो काय उडते. बसल्या जागेवून उठत नाई."

फिटरने त्यांना सांगितलं की खरंच कापड आहे, आत लाकडाच्या पट्ट्या आहेत आणि वरून एक वार्निश मारलेलं असतं, त्याने कापड ढोलाच्या चामड्यासारखं ताणून बसतं. त्या दिवसानंतर युद्ध मागे पडलं. येणारा प्रत्येक जण पंख चिमटीत धरून बघायला लागला. कोणी म्हणे मांजरपाट आहे, कोणी म्हणे नाही, सूत बारीक आहे. पुलगावच्या कापडगिरणीतले लोक तर सुटी झाली की त्यासाठी चालत यायचे. रंगाचे पापुद्रे निघायला लागले तेव्हा शेठजींनी भोवती सुतळी बांधली.

ही बातमी ज्या एकाच माणसापर्यंत पोचली नाही तो म्हणजे मुकादम. तो महिनाभर आर्वीकडे होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी परतला आणि शेठजींनी त्याला विमानाची पूजा उरकून घ्यायला सांगितलं, कारण साहेबांसमोर धूर नको. हंगामाच्या मुहूर्ताला दरवर्षी मुकादमच रेच्यांची पूजा करायचा. हळदकुंकू वाहायचं, नमस्कार करायचा आणि रेच्याच्या लोखंडी अंगावर नारळ आपटून फोडायचा. एका फटक्यात फुटला तर हंगाम चांगला. वीस वर्षांत त्याला दुसरा फटका लागला नव्हता. त्याने खालच्या डाव्या पंखाला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, हात वर नेला आणि आम्ही काही म्हणायच्या आत नारळ खाली आणला.

फाटल्याचा आवाज झाला. नारळ आत गेला आणि आतच राहिला.

मुकादम बराच वेळ आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होता. मग त्याने वाकून पंखाखाली पाहिलं.

"नारळ कुठी गेला?"

"आत," फिटर म्हणाला.

"मंग प्रसाद?"

फिटरने कात्रीने भोक मोठं करून नारळ काढला. तो अख्खाच होता. मुकादमाने तो गोदामाच्या उंबऱ्यावर फोडला, पहिल्याच फटक्यात, आणि आम्हाला खोबरं वाटलं. फिटरने आपला तुकडा खिशात टाकला आणि पंखासमोर बसला. भोक आता दीड हात लांब होतं. उद्या सकाळी मेजरसाहेब येणार होते.

त्याला लागणारं वार्निश पिकलेल्या केळ्यांसारखं वासाचं असतं, एवढं त्याने मला सांगितलं. तसा वास वर्धा जिल्ह्यात फक्त केळ्यांनाच येत होता. पण त्याचा मेहुणा पुलगावच्या गिरणीत सुताला खळ देण्याच्या खात्यात होता. त्याला निरोप गेला आणि तो दोन वार कोरं कापड, चिंचोक्यांचं पीठ आणि मीठ घेऊन आला.

"मीठ कशाला?" मी विचारलं.

"मीठ टाकलं का खळ कडकत नाई, गुरुजी. कापड ताठ राह्यते पण मोडत नाई. जिजाजी, पातेलं लहान पडन. मोठं आणा."

मोठं पातेलं फिटरच्या बायकोने आणलं. चाळीच्या ओट्यावर चूल पेटवली, पीठ कालवून उकळलं आणि ते चकाकायला लागल्यावर उतरवलं. फिटरने ठिगळ बारीक टाक्यांनी शिवलं, वरून गरम खळ फासली. एकच जागा ताठ आणि बाकी ढिलं दिसू नये म्हणून त्याने खालच्या दोन्ही पंखांना, वरून आणि खालून, खळ दिली. वैशाखाचं ऊन होतं. विमान ढकलून दारात आणलं. तासाभरात पंख बोटाने वाजवला की टणटण बोलायला लागला. मेहुण्याने आणि त्याने एकमेकांकडे पाहिलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत दोघं खुशीत होते.

रुपेरी रंग संपला होता. ठिगळ पांढरंच राहिलं. शेठजी आले, त्यांनी त्याच्याकडे बोट केलं.

"ये क्या है?"

"मुकादमाचा नारळ, शेठजी," फिटर म्हणाला.

शेठजी थोडे मागे सरकले, मान तिरपी करून बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू प्रसन्न झाला.

"नारियल क्यों? गोली. दुश्मन की गोली लागली. मास्तरजी, लिहा."

मी फलकाच्या तळाशी राहिलेल्या चार बोटं जागेत लिहिलं, 'डाव्या पंखावरील ठिगळ पाहावे.' शेठजींना ते विनम्र वाटलं आणि आवडलं.

दुसऱ्या दिवशी मेजरसाहेब आले. उंच, पांढऱ्या मिशांचे, त्या उन्हात गळाबंद कोट घातलेले. शाळेच्या बँडने एक धून वाजवली, ढोल दुसरी वाजवत होता. शेठजींनी फीत कापायला चांदीची कात्री दिली, तिला धार नव्हती. साहेबांनी दोनदा प्रयत्न करून फीत हाताने ओढून काढली आणि आत गेले. फिटर विमानाशेजारी ताठ उभा होता. त्याने युद्धातले बूट घातले होते. दाराबाहेर त्याची बायको दोन्ही मुलींना घेऊन उभी होती आणि आत काय बोलतात ते तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

साहेबांनी फलक सावकाश वाचला आणि त्यात सांगितल्याप्रमाणे ठिगळ पाहायला गेले.

"गोली, साहब," शेठजी म्हणाले.

साहेब वाकले. ठिगळ त्यांनी चिमटीत धरलं. मग ती बोटं नाकाशी नेली.

"चिंचोके?" त्यांनी फिटरला हळूच विचारलं.

"जी साहेब. आन् थोडं मीठ."

"बरं बसलंय."

शेठजींना यातलं काही कळलं नाही, पण वेळ चालली आहे हे कळलं. "फिटर, साहब को बताओ. कितने गिराए?"

गोदामात पन्नास-साठ माणसं होती. फिटरने टाचा जुळवल्या.

"साहेब, अशी विमानं मी तीन वर्स सांभाळली," तो म्हणाला. "माह्या हाताखालून गेलेलं एकबी पडलं नाई."

"एकही नाही?"

"नाई साहेब. सगळी उतरली."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग विमानाच्या दोन बैठकांकडे, मग जिथे बंदूक असायला हवी होती तिकडे, किंवा मला तसं वाटलं. मग ते शेठजींकडे वळले.

"माणूस चांगला मिळालाय तुम्हाला. याला सोडू नका."

तीन हा आकडा शेठजींनी ऐकला होता, पडणं हेही ऐकलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. दाराबाहेर फिटरच्या बायकोने टाळ्या ऐकल्या आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी मान हलवली. ती मुलींना घेऊन चाळीकडे गेली. सामान बांधून ठेवलं होतं, ते सोडायला गेली असावी.

चहाच्या वेळी साहेब माझ्याजवळ येऊन बसले. फलक तुम्ही लिहिला का, म्हणाले. मी हो म्हटलं. सांभाळून लिहिलाय, म्हणाले.

"विमान आपल्या लगेच लक्षात आलं असेल," मी म्हटलं.

"छे हो. मी सगळं युद्ध खेचरांवर काढलं. खेचरांच्या पलटणीत होतो. विमानं वरून चण्याची पोती टाकायची, त्यातलं एक माझ्या तंबूवर पडलं. विमानाशी माझा संबंध तेवढाच. इतक्या जवळून आज पाहिलं."

"मग ती खळ कशी ओळखलीत?"

"तंबूच्या कापडाला खळ असली की खेचरं ते सोडत नाहीत. मीठ असलं तर दोरीसकट. वास पक्का बसलाय डोक्यात."

मला हे फार गमतीचं वाटलं. बोरगावला परतल्यावर शेजाऱ्यांना रंगवून सांगितलं. फिटरला सांगावं असं मात्र सुचलं नाही.

संग्रहालय पाच महिने चाललं. साहेबांनी नागपूरहून आभाराचं पत्र पाठवलं, त्यात रक्षकाची दोन ओळी स्तुती होती. शेठजींनी ते काचेत घालून कचेरीत गणपतीशेजारी लावलं. फिटरची थोरली मुलगी आषाढात तिसरीत बसली.

दसऱ्याला कापूस आला. गोदाम गाठींना लागणार होतं, म्हणून विमान बाहेर काढून आवारातल्या कडुनिंबाखाली उभं केलं. त्याच कडुनिंबाखाली तोलाईची वाट बघत गाड्या थांबत. पहिल्या आठवड्यात रांग इतकी लांब असे की गाडीवान दोन-दोन दिवस बैल सोडून बसत. फिटर दिवसभर रेच्यांवर होता, कारण रक्षक झाला तरी तेल घालणारा तोच होता.

मी दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा विमान कडुनिंबाखालीच होतं. वरचे पंख शाबूत होते, तिथवर बैलांचं तोंड पोचत नव्हतं. खालच्या पंखांच्या नुसत्या लाकडी पट्ट्या राहिल्या होत्या, आणि त्याही चाटून स्वच्छ केलेल्या.

"पयले ठिगळ खाल्लं जी," फिटर म्हणाला. "मंग चव लागली."

मी त्याला खेचरांचं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "हे तुम्ही मले वैशाखात सांगाले पायजे होतं, मास्तर." मी म्हटलं, हो.

"शेठजी काय म्हणाले?"

"आले, पाह्यलं. मले वाटलं, झालं आता. बायकोले म्हनलं, बोचकी काढ. तं शेठजी कचेरीत गेले, तठी ते पत्र हाय भिंतीवर. लई वेळ पत्रापुढं उभे राह्यले. मंग बाहेर येऊन म्हणे, फिटर, बैल किसके थे. मी म्हनलं, सगळ्याईचेच. बस. मंग गेले तोलाईवर."

साहेबांनी ज्याला सोडू नका म्हटलं आणि ज्याची स्तुती कचेरीत काचेत लावलेली होती, त्याला काढणं शेठजींना जमलं नाही. फिटर रक्षकच राहिला आणि खोली त्याच्याकडेच राहिली. संग्रहालय पुन्हा भरलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याने विमानाची दोन चाकं आणि आस काढून सरकी वाहायची ढकलगाडी केली. तिच्यात तीन पोती बसत.